भैय्याजींचा नकार

आष्टीकडच्या गावांमध्ये लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी भैय्याजींकडे येतो, मग मुहूर्त काढणाऱ्या महाराजाकडे. मुहूर्त मागेपुढे सरकतो, भैय्याजी सरकत नाहीत. एरवी वावरात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणारा हा माणूस लगनसराईत आचारी असतो, आणि त्याच्या वांग्याच्या भाजीसाठी रुसलेले सोयरेसुद्धा मुकाट्यानं पंगतीला येऊन बसतात. पण भैय्याजी स्वतः भाजीची बढाई मारत नाहीत. "भाजी कोनीबी करते. पन देल्ली तारीख आपन कधी चुकलो नाई," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवतात. मिशी विरळ आहे, हात मात्र पुरा फिरतो.

आधी या तारखा डोक्यात राहायच्या. मग नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, आचलनं, त्यांना ईमेल काढून दिला आणि सगळ्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरात टाकल्या. इथं टाकलेलं तिच्या फोनवरही दिसायचं. हळूहळू भैय्याजींचं डोकं रिकामं झालं. "आधी बी लय भरलेलं नोतं," कुसुमबाई म्हणाल्या. बायकोच्या नात्यानं त्यांना तेवढं म्हणायचा हक्क आहे.

अडचण रेंजची होती. जुन्या कंपनीची रेंज गावात फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर यायची, आणि अर्धं गाव तिथंच चढून आपापले भांडणतंटे मोठ्यानं मिटवायचं. शेवटी भैय्याजी बाजाराच्या दिवशी आष्टीला, मधुकररावांच्या मोबाइलच्या दुकानात गेले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची होती.

"पन माहा मेल? कॅलेंडर?"

"त्याले काई होत नाई, भैय्याजी. ते सिममधी नसतेच."

"मंग कुठी असते?"

मधुकररावांनी वर बोट दाखवलं. भैय्याजींनी वर पाहिलं. वर पंखा होता.

तिथंच संशय शिरला. आपल्याकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत. बैल जातो, दावं सोडून घरी आणतात, नाहीतर गोठ्याची बरकत त्याच्या मागं जाते. आता नंबर एकाच्या गोठ्यातून दुसऱ्याच्या गोठ्यात चालला, तर त्याच्यासोबत आपल्या लोकांच्या तारखा काऊन जाऊ द्यायच्या? आचलच्या फोनात सगळं होतंच. म्हणून सिम बदलायच्या आदल्या संध्याकाळी भैय्याजींनी टाकीच्या जिन्यावर बसून एकेक कार्यक्रम पुसून काढला, अंगण झाडावं तसा. फोन मध्येमध्ये काहीतरी विचारत होता. भैय्याजी दर वेळी 'हो' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी जुनं सिम मेलं आणि नवं काही जन्मेना. तेवढ्यात कुसुमबाईंच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आचलचा फोन आला.

"बाबा, माह्या मोबाइलातल्या तुमच्या साऱ्या तारखा गेल्या! तुमी काई केलं का?"

"म्या तं माह्याकडच्या पुसल्या."

"तुमच्याकडच्या अन् माह्याकडच्या एकच हायेत ना, बाबा!"

भैय्याजी खाटेवर बसले. पुसलेलं परत काढता येतं, असं आचल म्हणाली. पण त्यासाठी मेल उघडायला हवा, पासवर्ड दोघांनाही आठवत नव्हता, आणि नव्या पासवर्डचा कोड येणार भैय्याजींच्याच नंबरावर. तो नंबर ना माहेरी होता, ना सासरी.

बाकीची लग्नं दूर होती. जीव अडकला तो रुख्माबाईच्या नातीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात. लेक आणि जावई गेल्यावर या म्हातारीनं दोन्ही नातवंडं मोलमजुरी करून वाढवली. "पोरीच्या कार्याले तुमच्याच हातचं जेवन," असं म्हणून तिनं भैय्याजींच्या हाती नारळ ठेवला होता. साक्षगंध याच आठवड्यात, एवढं पक्कं. वार कोणता? तारीख तोंडानं कोणी सांगितलीच नव्हती. पुण्याला कंपनीत असलेल्या तिच्या नातवानं, ऋतिकनं, मेलवर निमंत्रण पाठवलं आणि ते आपोआप कॅलेंडरात जाऊन बसलं होतं.

"जाऊन इचारा ना," कुसुमबाई म्हणाल्या. "बाजूचंच तं गाव हाय."

"आचाऱ्यानं कार्यवाल्याले तारीख इचारायची? म्हंजे नवरदेवानं नवरीचं नाव इचारल्यासारखं झालं."

"तुमी इचारलंच होतं माहं नाव. मांडवात."

"ते येगळं."

गेले नाहीत. दिवसभर फोन बंद-चालू करत राहिले, जेवायला बसले आणि ताटावरून उठले. रुख्माबाईच्या दारात पाहुणे बसलेत आणि चूल थंड आहे, हे चित्र काही हलेना. मोटरसायकल दोनदा अंगणाबाहेर काढली, दोनदा आत लावली.

सकाळी फोन थरथरला. नंबर जिवंत! कोड आला, भैय्याजींनी तो एकेक आकडा ओरडून आचलला सांगितला, आणि थोड्या वेळानं ती म्हणाली, "सापडलं, बाबा. साक्षगंध उद्या हाय."

"पाह्य," भैय्याजी कुसुमबाईंना म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच झारे, मोठी कढई आणि स्वतःच्या वावरातली वांगी घेऊन ते रुख्माबाईच्या दारात उतरले. मांडवामागं चूल पेटलेली होती. कारंज्याचा वासुदेवराव आचारी फोडणी देऊन राह्यला होता. त्यानं भैय्याजींना पाहिलं आणि झारा हातातच राहिला.

रुख्माबाई बाहेर आली. "तुमी कसे आले? तुमचा तं नकार आला."

"कोनाचा नकार?"

ऋतिकनं मोबाइल पुढं केला. भैय्याजींनी टाकीच्या जिन्यावर बसून पुसलेलं निमंत्रण गुपचूप पुसलं गेलं नव्हतं. जाता जाता ते पाठवणाऱ्याला सांगून गेलं होतं, भैय्याजी येणार नाहीत.

"म्या लय फोन लावले, काका," ऋतिक म्हणाला. "बंदच लागे."

"हे म्या नाई पाठवलं. मोबाइलनं पाठवलं."

मांडवात कोणीतरी हसलं. "मोबाइलले आमच्या घरचं वावडं हाय काय?"

रुख्माबाई हसली नाही. "भैय्याजी, नाई म्हनायचं होतं तं येऊन म्हनायचं होतं. एवढ्याशा रस्त्यानं."

भैय्याजींनी तोंड उघडलं. दोनदा काढलेली मोटरसायकल सांगावी, तर आत काऊन लावली हेही सांगावं लागलं असतं. भैय्याजींनी वांगी खाली ठेवली.

"आलेच हा तं जेवूनच जाजा," ती म्हणाली. "पाव्हन्यासारखं."

आयुष्यभर पंगती उठवलेला माणूस दुपारी पहिल्या पंगतीत मांडी घालून बसला. कोणत्या हातानं काय मागावं हेही त्याला सुचेना. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढायला वासुदेवराव स्वतः आला, वाकला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "मीठ बरोबर हाय ना, भैय्याजी?"

मीठ बरोबर होतं. सारंच बरोबर होतं. भैय्याजींनी मान हलवली आणि भाजीसाठी ताट पुढं केलं.