बाबांचा गुडघा, नी कॅप आणि तलावाची प्रदक्षिणा

मागच्या महिन्यात एका शनिवारी बाबांना घेऊन खोपटला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले होते. कारण काय, तर नी कॅप कुठली घ्यायची! एका नी कॅपसाठी एवढी वरात... पण त्याआधी घरात जे रामायण झालं ते ऐका.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे वर्तकनगरला राहतात. सुरुवातीला दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. पेपर हातात, पण पान काही उलटायचं नाही...

मग एक दिवस आपणहून बूट घातले आणि जवळच्या तलावावर फिरायला गेले. आई असताना दोघं आमच्याकडे आले की तिथेच फिरायचे. तिथे त्यांच्याच वयाची टोळी भेटली आणि बाबा घरी येऊन कुणाच्या जावयाने काय केलं ते रंगवून सांगायला लागले. मी गुपचूप देवापुढे साखर ठेवली.

आणि मग हा गुडघा! उजवा, बाहेरच्या बाजूने. निघताना ठीक, पण थोडं चाललं की ठणका सुरू, आणि जिना उतरताना तर विचारू नका. बाबांनी फिरणं बंद केलं आणि परत ती खुर्ची धरली. खरं सांगते, मला गुडघ्यापेक्षा त्या खुर्चीची भीती वाटली.

मग काय, मी बाईसाहेब ऑनलाइन एक्सपर्ट! मधे गोल भोक, दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या, वर वेल्क्रो अशी भारदस्त नी कॅप मागवली. फोटोतला माणूस ती घालून डोंगर चढत होता. साइज मी अंदाजपंचे ठरवली, बाबा तसे अंगाने किरकोळच.

बाबांचा हिशोब त्याहून भारी. आधार म्हणजे घट्टच हवा, सैल काय कामाचा? दिवसभर आवळून बसले. संध्याकाळी काढली तर पायावर वळ आणि बोटांना मुंग्या...

म्हणून ती खोपटची वारी. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, "काका, दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवा." बाबांनी वाटीच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. मग मॅडमनी दाबून, वाकवून, चालायला लावून नीट तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जो पट्टा येतो, त्यावर ताण आला होता.

आमच्या भारदस्त खरेदीकडे बघून त्या हसल्या. भोकवाली बहुतेक वाटीच्या दुखण्याला, कडक पट्ट्यांची लटपटणाऱ्या गुडघ्याला... बाबांना साधी, ताणली जाणारी, बिनभोकाची पुरे होती. टेपने गुडघ्याच्या वर-खाली माप घेतलं, दोन साइज घालून बसवलं, उठवलं. अंगासरशी बसली पाहिजे, पण रुतता कामा नये, मागे चुण्या पडता कामा नयेत आणि झोपताना काढायची. मी सगळं मान डोलावून ऐकलं, आता काय करणार!

"पण काका, ही नुसता आधार देईल हं. दुखणं कशाने आलं ते शोधायला हवं," असं म्हणून त्यांनी व्यायाम दाखवले आणि बाबा कुठे, कसे फिरतात ते विचारलं. तेव्हा कळलं... तलावाकाठची वाट पाण्याच्या बाजूला उतरती आहे आणि बाबा रोज तलाव उजव्या हाताला ठेवूनच फिरतात. उजवा पाय कायम खालच्या अंगाला! मॅडम म्हणाल्या, दुखणं उतरलं की थोडं थोडं चाला, आणि कधी उलट्या दिशेनेही फिरत जा.

बाबांचा चेहरा एकदम पडला. "ते नाही जमायचं," म्हणाले आणि उठलेच.

रिक्षात बसल्यावर हळूच बोलले. तलावाच्या मधोमध महादेवाचं देऊळ आहे ना, आई दर फेरीला तिकडे बघून हात जोडायची. म्हणायची, फिरणंही होतं आणि प्रदक्षिणाही. "मी चेष्टा करायचो गं तिची. आता तिच्या वाटची मी घालतो... उलटी कशी घालू?"

नी कॅपची पिशवी मांडीवर घेऊन बाबा बाहेर बघत राहिले.

काही दिवस व्यायाम झाले, ठणका बराच उतरला. मागच्या आठवड्यात एका सकाळी नी कॅप चढवून बाबा म्हणाले, "चल, तूही ये." तलाव उजव्या हातालाच ठेवून हळूहळू निघालो. मी मनातून धास्तावलेली...

निम्म्या वाटेवर तलावाचं जास्तीचं पाणी वाहून जायला एक मोरी आहे. तिथे बाबा थबकले. मला वाटलं, झालं, दुखायला लागलं. तर म्हणतात कसे, "अगं, ही तर महादेवाची पन्हळच की!"

मला काही टोटल लागेना. "तुझ्या आईने देवळात महादेवाला पुरती प्रदक्षिणा कधी घातली होती? अभिषेकाचं पाणी जातं ती पन्हळ ओलांडायची नाही. आल्या वाटेने मागे फिरायचं." आणि माझ्यासाठी न थांबता वळलेसुद्धा! जाताना पाणी उजवीकडे, येताना डावीकडे. मॅडमही खूश, महादेवही खूश.

गंमत पुढेच आहे. इतके दिवस बाबांना पुढच्या लोकांच्या पाठीच दिसायच्या. आता सगळे समोरून यायला लागले... आख्खी टोळी थांबली, "अरे, होतास कुठे?" म्हणत एकाने तर मिठीच मारली. बाबांनी तिथेच पँट वर करून नी कॅप दाखवली आणि दुखतं कुठे ते एका बोटाने कसं दाखवायचं, यावर लेक्चर सुरू केलं.

गॅलरीतली ती खुर्ची आता रिकामी असते. दुपारी तिच्या पाठीवर धुतलेली नी कॅप वाळत असते, तेवढीच.

थँक यू, आई.