सुनेनं पाठवलेली भजी

आदित्य, मुक्ता, तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा लावून नीट पाहिला. टोपलीत कागद, त्यावर तळलेल्या लोणच्याच्या चकत्या, आणि खाली तुमचा प्रश्न : "आजी, असलं तू कधी खाल्लंयस का?" मी फोनवर नुसतं "हो" म्हटलं आणि तुमच्या परीक्षेचं विचारू लागले. कारण ती भजी आठवली की मला अजून लाज वाटते. फोनवर उडत उडत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

"सुनेनं पाठवले."

आमच्या समोरच्या घरातले कंडक्टर हे वाक्य म्हणत आणि झाकलेली वाटी माझ्या हातात देत. देताना माझ्याकडे बघत नसत. दाराच्या कडीकडे बघत. एसटीतून निवृत्त झाले होते, पण चिखलीच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. बायको गेल्यावर ते एकटे राहत होते.

त्यांचा मुलगा आणि सून जळगाव जामोदला. आईच्या तेरवीला मुलगा म्हणाला होता, "बाबा, आता आमच्याकडेच चाला." कंडक्टर म्हणाले, "मी कोनाच्या दारात जाऊन राहनार नाई." मुलगा चिडला. "मी कोन? मंग राहा एकटेच!" त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. हे भांडण साऱ्या गल्लीसमोर मांडवात झालेलं, पण कंडक्टर असे वागत की जणू ते झालंच नाही.

मी त्यांना अधूनमधून वाटीभर कैरीचं लोणचं देत असे. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. त्यांची बायको असताना काही नसलं तर वाटीत चिमूटभर साखर घालून देई. तेवढ्याने चालतं हे कंडक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते माझ्याच लोणच्यातल्या चार फोडी काढून, पिठात घोळवून तळत आणि वाटीत घालून परत आणत. माझी मेथी, माझी बडीशेप मी ओळखणार नाही का? पण म्हणायचं मात्र, सुनेनं पाठवले.

पहिल्यांदा भजी हाताला चटका बसेल इतकी गरम होती. मी सहज विचारलं, "भाऊ, जळगाव जामोदहून आली आणि अजून गरम?"

ते कडीकडे बघत म्हणाले, "ड्रायव्हर ओळखीचा हाये ना वयनी. डबा बोनटवर ठेवला व्हता त्यानं."

इतकं चोख उत्तर दिल्यावर पुढे काय विचारणार?

पुरुषमाणसानं तळणीशी बसावं याचाही त्यांना संकोच होता. तळताना दार लावून घेत, खिडकी लावून घेत. पण तळणाचा वास कुठल्या दाराला ऐकतो? सगळ्या गल्लीला कळे. शेजारची वाणीणबाई पदर तोंडाशी धरून म्हणे, "आज जळगावची गाडी बिगिनं आली वाटते!" पण त्यांच्या तोंडावर कुणी कधी काही बोललं नाही. तो माणूस खोटं बोलत होता ते आम्हाला फसवायला नाही. आपल्या घरचं कुणीतरी आपली आठवण ठेवतं, एवढंच त्याला गल्लीत दाखवायचं होतं. ते आम्ही त्याला दाखवू देत होतो.

या सगळ्यात खरं मानणारा माणूस एकच, तुमचे आजोबा. सर्दीने त्यांचं नाक कायमचं गेलेलं, वास येतच नसे. आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते भजी खात आणि म्हणत, "सून गुणी आहे हो कंडक्टरांची. मुलगाच तेवढा तिरसट."

एका उन्हाळ्यात कंडक्टर तापाने पडले. वाणीणबाईने मुलाला फोन लावला. मुलगा आला नाही. सून आली, एकटी, एसटीने. आम्ही दोघं बघायला गेलो. कंडक्टर खाटेवर बसते झाले होते, ती त्यांना मुगाची खिचडी देत होती. आजोबांनी खुर्ची ओढली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पोरी, तुझ्या हातच्या लोणच्याच्या भज्यांसारखी भजी मी जन्मात खाल्ली नाहीत. दर वेळी आठवणीनं पाठवतेस!"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"हाव मास्तरकाका," ती म्हणाली. "बाबाले आवडते, म्हून पाठवते." तिचे कान लालभडक झाले होते.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. "काकू, ते भजे कशे करतात हो?"

"मला नाही येत गं. ते दार लावून करतात."

ती उंबऱ्यावरच बसली. "मी एक डाव बी काही पाठवलं नाई त्यांले. आमाले वाटे, त्यांले आमची गरजच नाई. आन् हे आमच्या नावानं..."

"त्यांनाच विचार," मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं इचारू?"

पण तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची खिडकी उघडी होती आणि कंडक्टरांचा बारीक झालेला आवाज येत होता. "फोडी धुऊन फडक्यावर कोरड्या कर. कोय काढून टाक. मीठ नोको टाकू, लोनच्यात हाये."

"बेसनात ज्वारीचं पीठ काऊन?"

"कुरकुरीत होते. तेल तापू दे बाई, घाई काऊन करून राह्यली?"

ती परत गेल्यावर कंडक्टर बरेच दिवस गल्लीत दिसले नाहीत. ताप उतरला होता. तोंड दाखवायची लाज वाटत होती. मग एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "वयनी, तुमाले पयलेपासून मालूम व्हतं?"

"काय?" मी म्हटलं.

"काई नाई," ते म्हणाले. त्यांनी चहा मागून घेतला. कधी मागत नसत.

पुढच्या महिन्यात ते खरंच बसस्थानकावरून डबा घेऊन आले. "सुनेनं पाठवले." तेच वाक्य, पण आवाज इतका हळू की मला दोनदा ऐकावं लागलं. खोटं त्यांनी इतकी वर्षं खणखणीत आवाजात सांगितलं. खरं सांगताना लाजले. भजी गार होती, ओलसर, चामड्यासारखी. आजोबा चावत म्हणाले, "या खेपेला जरा मऊ पडलीत."

"गाड्या नव्या आल्या ना मास्तर," कंडक्टर म्हणाले. "बोनट तपतच नाई पयल्यासारखं."

या वेळी मात्र आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मुकाट्याने दुसरं भजं उचललं. रात्री मला एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस." ती लाज अजून गेलेली नाही.

डबे येत राहिले. मग एका दिवाळीत डब्याऐवजी मुलगाच आला. ओट्यावर बापलेक एकमेकांकडे न बघता गाड्यांच्या वेळांवर बोलत बसले होते. जाताना त्याने वडिलांची ट्रंक स्वतः उचलली. कंडक्टर आमचा निरोप घ्यायला आले तेव्हा मी त्यांना बरणीभर लोणचं दिलं. बरणी परत करू नका, असं बजावूनच दिलं.

जळगाव जामोदला ते थोडीच वर्षं जगले. सुनेचा मला फोन येतो. मागे तुमचा फोटो आल्यावर मी मुद्दाम तिला विचारलं, अजून करतेस का गं?

"मी कायची करते काकू," ती हसली. "हेच करते. मले चुलीपाशी येऊ देत नाई. म्हंते, तुले पीठ घट्ट जमत नाई."

कंडक्टर आता नाहीत. समोरचं घर विकलं गेलं. भजी त्यांचा मुलगा करतो.