पाण्याखालची माडी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, दारूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं. एकच व्यसन होतं, चुलतभाऊ कोंडीराम याच्यावर जळायचं. सकाळी चहाच्या कपाबरोबर सुरू व्हायचे ते अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. दाजींची थट्टा करायचा मेहुण्याला हक्कच असतो आणि तो मी आयुष्यभर भरपूर वापरला, म्हणून हेही आडपडदा न ठेवता लिहितो.

दाजींचं नाव हिंदुराव. ते आणि कोंडीराम एकाच आज्याचे नातू. पवनेच्या खोऱ्यात त्यांची लहानशी वाडी होती आणि दोघांची घरं अगदी शेजारी शेजारी. हिंदुरावांचं घर मातीच्या भिंतींचं, सारवलेलं, नीटनेटकं. कोंडीरामाच्या बापानं मात्र घडीव दगडाची माडी उठवली. अख्ख्या वाडीत माडी तेवढी एकच. "आमी अंगणात मिरच्या वाळत टाकल्या की त्यांच्या माडीची सावली येऊन वर बसायची," हे दाजींचं वाक्य मी लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा ऐकलं. नंतर किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

मग धरण झालं आणि वाडी पाण्याखाली गेली. कौलं, वासे, दारं लोकांनी आधीच काढून आणली होती, भिंती तिथंच राहिल्या. वाडी जुन्या नदीपात्राजवळ खोलात होती, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती कधी उघडी पडली नाही. वाडीतली बरीच माणसं पोटासाठी भोसरीला आली. हिंदुराव एका कारखान्यात मशीनवर लागले. मीही चाकणकडून येऊन त्याच कारखान्यात चिकटलो. कोंडीरामानं आधी दुसऱ्याकडं हात काळे केले आणि मग पत्र्याची शेड घेऊन स्वतःचं लेथ मशीन टाकलं. पुढं दुसरंही टाकलं. त्याच्या शेडवरची पाटी डोळ्यांना दिसू नये म्हणून दाजी शिफ्टला लांबच्या रस्त्यानं जायचे. अक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "पाटी त्यांची, आणि चपला आमच्या झिजतात."

पण एका बाबतीत कोंडीराम त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता. सर्वपित्री अमावस्येला वाडीची सगळी माणसं धरणाच्या काठावर जमत. घर बुडालं तरी पितरांनी जेवायला यायचं कुठं, तर आपल्याच घरी, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून प्रत्येक घराचं एक पान वाढायचं, वडा, खीर, भात, आणि ते ज्याच्या त्याच्या घरावर नेऊन पाण्यात सोडायचं. घरं कुठं आहेत हे त्या सपाट पाण्यावर सांगणारा माणूस एकच, हिंदुराव. ते ट्रकच्या चाकातल्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पानं घेऊन निघाले की काठावरच्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. कारखान्यात ज्यांना फोरमन "ए, तू" म्हणायचा, ते त्या दिवशी वाडीचे पुजारी असत. हा मान त्यांनी जिवापाड जपला होता.

त्यांची खूण सोपी होती. घराच्या जोत्यावर बसलं की समोरच्या डोंगराच्या धारेमागून तिकोना किल्ल्याचं टोक बोटभर वर दिसायचं. लहानपणापासून रोज पाहिलेलं. पाण्यावर जाऊन तिकोना तसाच बोटभर दिसेल तिथं थांबायचं. तिथं आपलं घर. मग शेजारी कोंडीरामाचं, पलीकडं सावित्रीबाईंचं, असा अंदाज करत बाकीची पानं सोडायची.

एरवी रविवारी आम्ही त्याच ट्यूबवर मासेमारी करायचो. ट्यूबच्या मधे सुतळीची जाळी विणायची, जाळीत बैठक मारायची, फळकुटांनी पाणी मागं सारायचं आणि गळ टाकून बसायचं. दाजी न चुकता आपल्या घरावर बसत. "आमच्या ओसरीवरचे मासे हायेत," म्हणायचे. ओसरीवर फारसं कुणी येत नसे हे खरं, पण मिळालेला एखादा कटला ते असा घरी आणत की जणू वतन परत मिळालं. त्यातला मधला तुकडा अक्का त्यांनाच वाढायची, आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्यावर जळायचो.

ऐंशी सालच्या दिवाळीत कोंडीरामाचा जावई सुट्टीवर आला. जावई मालवाहू जहाजावर नोकरीला. मुळात जावई जहाजावर असणं हेच दाजींना पचलं नव्हतं, कारण आमच्या भाचीचा नवरा पिंपरीत कपड्याच्या दुकानात होता. त्यात या जावयानं जपानहून सासऱ्याला मासे दाखवणारं यंत्र आणलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यावर घड्याळासारखी गोल तबकडी. पेटीतून वायर निघते, तिच्या टोकाची डबी पाण्यात सोडायची. ती आवाज खाली पाठवते, आणि डोंगरानं हाकेला ओ द्यावी तसा तो तळावरून परत येतो. तळ जितके फूट खोल, त्या आकड्यावर तबकडीत लाल दिवा चमकतो. तळाच्या वर मधेच बारीक लाल रेघ लुकलुकली की समजायचं, मासा.

कोंडीरामानं तीन ट्यूबा एकत्र बांधल्या, त्यांवर फळी ठोकली, मोटरसायकलची बॅटरी ठेवली आणि यंत्र घेऊन पाण्यावर गेला. काय सांगू! आम्ही तळ कुठं आहे तेही न कळता चुकत माकत गळ सोडत होतो. तो बघायचा, मासा किती खोल उभा आहे, आणि दोरी तेवढीच सोडायचा. जिथं रेघ नाही तिथं क्षणभर थांबायचा नाही. आमच्या कणकेच्या गोळ्या पाण्यात विरघळून जात आणि त्याची पिशवी भरत जाई. त्या हिवाळ्यात वाडीच्या प्रत्येक बिऱ्हाडात कोंडीरामाचे मासे पोचले. आमच्याकडंसुद्धा.

"फेकून दे ते," दाजी अक्काला म्हणाले.

"मरळ हाय. फेकून द्यायला माझं डोकं फिरलंय व्हय?"

"इजेवर मासं मारणं ह्याला काय मर्दुमकी म्हणत्यात?"

"मर्दुमकी तुमी करा," अक्का कांदा चिरत म्हणाली. "रस्सा मी ह्याचा करते."

दाजी त्या दिवशी ठेचा-भाकरी खाऊन उठले. रश्श्याच्या वासानं त्यांचा जीव वर-खाली होताना मी डोळ्यांनी पाहिला आणि मुद्दाम दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढच्या भाद्रपदात खरं संकट आलं. गणपती झाल्यावर सावित्रीबाई, वाडीतली सगळ्यात वडील बाई, दाजींच्या खोलीवर आली आणि बसल्या बसल्या सहज म्हणाली, "हिंदुराव, औंदा पानं कोंडीरामाला नेऊ द्यावी का? त्याच्या पेटीत भिंती दिसत्यात म्हनं. माझ्या मालकाचं पान नीट त्यांच्याच घरावर पडंल."

दाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती गेल्यावर ते माझ्यावरच उसळले. "त्याला माडी दिली देवानं. शेड दिली. बोटीवरचा जावई दिला. आता माझी पानं बी त्यालाच?" मला हसू येत होतं, पण त्यांचे डोळे बघून मी ते गिळलं. हा मान गेला असता तर त्यांच्याकडं मिरवायला दुसरं काहीच उरलं नसतं.

ते तडक कोंडीरामाच्या शेडवर गेले, पाटीखालून, मान ताठ ठेवून. मी मागोमाग. "तुझी पेटी घिऊन रविवारी चल," ते म्हणाले. "माझ्या खुणेवर लाव. भिंती दिसल्या तर पानं माझी, आणि परत तू मधे तोंड घालायचं न्हाई."

कोंडीरामानं फडक्याला हात पुसले. "हिंदुराव, कशाला हे? पानं तूच ने की. मी काय मागतोय व्हय?"

"भ्यालास?"

"बरं, चल मग," कोंडीराम म्हणाला.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. कोंडीराम फळीवर, आम्ही दोघे आपापल्या ट्यूबवर. दाजींनी तिकोन्याकडं डोळा लावला, मागं-पुढं केलं, टोक धारेवर बोटभर आलं तसे थांबले. "हितं. लाव."

डबी पाण्यात गेली. तबकडीवर लाल दिवा एका आकड्यावर चमकत राहिला. कोंडीरामानं फळी इकडं नेली, तिकडं नेली, दिवा तसूभर हलला नाही. खाली नुसतं सपाट शेत होतं. भिंत नाही, चौथरा नाही, मासा नाही.

"बिघडलीय ती," दाजी म्हणाले.

कोंडीराम फळकुटं मारत डोंगरापासून लांब, धरणाच्या मध्याकडं निघाला. आम्ही मागून. बरंच अंतर गेल्यावर दिवा एकदम उडी मारून वरच्या आकड्यावर आला. आजूबाजूला बारीक रेघांची लुकलुक सुरू झाली. एवढी उंच भिंत खाली उभी होती, आणि तिच्याभोवती मासेच मासे.

माडीच होती ती. वाडीत दुसरी उंच भिंत कुणाची असणार?

दाजींनी मान वर करून तिकोन्याकडं पाहिलं. इथून किल्ल्याचं टोक बोटभर नव्हतं, चांगलं हातभर धारेच्या वर आलं होतं. मग हळू आवाजात मला म्हणाले. "ज्योतीराम, जोत्यावर बसायचो तवा मी खाली होतो रं. आता घरावर एवढं पाणी, आन मी पाण्यावर. वरनं बघितलं तर डोंगरामागचं जास्तच दिसणार. टोक बोटभर व्हायला मी दर साली डोंगराकडं सरकत गेलो. घर हितं ऱ्हायलं." एवढी वर्षं आईबापाचं पान त्यांनी कुणाच्या तरी शेतात सोडलं होतं. सगळ्या वाडीचीच पानं शेतात गेली होती.

"तुला कवापासनं ठावं?" त्यांनी कोंडीरामाला विचारलं.

"शिमग्यापासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"पानं तू नेतोस ना," कोंडीराम म्हणाला. "मला कशाला बोलायचंय?"

यावर दुसरा कुणी असता तर त्याचं मन निवळलं असतं. दाजींचा जबडा आणखी आवळला. माडी, शेड, जावई यांच्या जोडीला आता मनाचा मोठेपणाही कोंडीरामाकडंच गेला होता, आणि तो त्यांना सगळ्यात जास्त झोंबला.

"माझं घर दाव," ते म्हणाले. "भिंतीला लागून, डाव्या अंगाला."

कोंडीरामानं फळी डावीकडं सरकवली. दिवा खाली घसरला आणि तळावर बसला. कोंडीराम आणखी सरकला, परत आला, आडवा गेला, उभा गेला. दिवा तळ सोडायला तयार होईना. दाजी ट्यूबवरून वाकून तबकडीकडं बघत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं. आमच्याही आलं. मातीच्या भिंती होत्या. त्या पहिल्याच पावसाळ्यात विरघळून गेल्या असणार.

कोंडीरामानं यंत्र बंद केलं. आम्ही तिघे काठाकडं वळलो.

अमावस्येला नेहमीसारखी माणसं जमली. सावित्रीबाई काही बोलायच्या आतच कोंडीराम सगळ्यांदेखत म्हणाला, "माझा गुडघा धरलाय. फळी-पेटी हिंदुरावच नेणार." त्याचा गुडघा ठणठणीत होता. दाजींनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, पण फळीवर चढले. मी मागून पानांची पाटी घेऊन ट्यूबवर.

दिवा वर उडी मारेपर्यंत दाजी तबकडीवरून नजर हलवत नव्हते. मग त्यांनी आधी कोंडीरामाचं पान माडीवर सोडलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माडीवर पडलं. त्या भिंतीपासून मोजत मोजत त्यांनी सावित्रीबाईंचं आणि मग बाकीच्यांची पानं सोडली. शेवटी परत भिंतीपाशी आले, डाव्या अंगाला झाले आणि जिथं दिवा तळावर निपचित पडला होता तिथं आपल्या आईबापाचं पान ठेवलं. पान हळूहळू कलून पाण्यात गेलं. दाजींनी हात जोडले ते कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

काठावर सावित्रीबाई वाट पाहत होती. "घरं दिसली का रं?"

"दिसली, आत्या."

"तुझं?"

दाजींनी मागं वळून पाहिलं. कोंडीराम दोन पावलांवर उभा होता. "कोंडीरामाची भिंत हाय तवर आमचं घर सापडंल," ते म्हणाले. म्हातारीनं समाधानानं मान हलवली.

मला वाटलं, सुटला माणूस. बरं झालं म्हणून मी मनात कोंडीरामाचे आभारही मानले. परत येताना गाडीत दाजी खिडकीशी बसले. घरी आले, हातपाय धुतले, अक्कानं पुढं ठेवलेला चहा घेतला आणि बशीतून एक घोट पिऊन तिच्याकडं न बघता म्हणाले,

"आपली भिंत इरघळली. त्याचीच ऱ्हायली बघ."