चांदीतली सवत

चिंच लावून चांदी घासली की हातांना एक आंबूस वास राहतो. परवा नातसून देव घासायला बसली आणि त्या वासाने मला माझी आई आठवली. हल्ली आठवायचाही थकवाच येतो.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. आमचं घर वडीगोद्रीजवळ. आईला बिजवराला दिलेलं. आमच्यात रीत अशी, की दुसरेपणाच्या बाईने मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं, पहिला घासही त्यालाच दाखवायचा. सोनाराकडे जायच्या आधीच वडिलांना नांगराच्या तासात चांदीचं जुनं नाणं सापडलं. एका बाजूला मोर, दुसरीकडे डोईवर वेण्यांचा अंबाडा बांधलेली बाई. वडिलांनी भोक पाडून दोरा ओवला, झाली सवत तयार!

आई तिला वाढून वाढून थकली. मेली ती सुटली, मीच अडकले, असं चुलीपुढे पुटपुटायची. पहिलीची म्हातारी आई दरसाल जांबेहून यायची. माझी लेक असाच अंबाडा घालायची, म्हणत नाणं ओंजळीत घेऊन रडायची. तोवर आई मान वाकवून बसायची, कारण दोरा तिच्या गळ्यातच असायचा.

एकदा अंबडच्या शाळेतले उस्ताद वडिलांकडे आले. नाणं निरखून म्हणाले, ही रूमची, फार दूरच्या मुलखातली मलिका. ती वारल्यावर बादशहाने तिच्या आठवणीत ही नाणी पाडली. हैदराबादेला पाठवू, कदर होईल. वडील तयारच होते. मला वाटलं, सुटली एकदाची आई. तिने मात्र नाणं मुठीत धरलं.

"मलिका असंल न्हाई तर कोणी. म्हातारीला हिच्यात लेक दिसती. हे गेलं तर मंग तिनं कुठं पाहावं?"

पुढे म्हातारी गेली, आईही गेली. वडिलांनी तिसरं लग्न केलं नाही, हे मी आयुष्यभर कौतुकाने सांगितलं. आता वाटतं, म्हणूनच आईचा टाक कुणाच्या गळ्यात आला नाही. त्या मलिकेचा चेहरा उरला, पहिलीलाही तो उसना मिळाला. आईचा एक फोटोसुद्धा नाही, आणि तिचं नाक कसं होतं ते मला नीट आठवेनासं झालंय.

नातसुनेने देवांतलं ते नाणं पदराला पुसून माझ्यापुढे धरलं. चिंचेने घासून घासून बाई पार झिजलेली, अंबाडा तेवढा शिल्लक.

"आजी, ही कोण हो?"

"माझी माय," मी म्हणाले.