खिळ्यावरचं चामडं

“चामडं कशाला पाहिजे म्हणता? बसायला का मिरवायला?”

विचारणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. तो जुन्या गाडीच्या मागच्या दारातून कमरेपर्यंत आत शिरला होता. बाहेर होती ती फक्त त्याची विटलेली पँट आणि टाचा झिजलेल्या चपला. गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता. जन्मभर लोकांना आ करायला लावून त्यांची बोलती बंद करणारा माणूस, पण या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याच तोंडातून शब्द फुटेना.

“बसायलाच की,” तो म्हणाला. “पण आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात सगळ्यांकडे लेदर आहे.”

“सगळ्यांच्या तोंडात कवळी असली तर तुम्ही आपले धडके दात उपटून घेता का?”

कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराच्या बहिणीने पाय न थांबवता हसू गिळलं.

या माणसाला अख्खा बाजार कात्री मिस्त्री म्हणायचा. कापतो-शिवतो म्हणून नव्हे, तसे कापणारे-शिवणारे गल्लीत आणखीही होते. त्याला हे नाव जिभेने मिळवून दिलं होतं. गोल बोनेटच्या, पितळी हँडलच्या म्हाताऱ्या गाड्यांच्या सीटा नव्याने बांधणं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाइकाची साल काढणं हा छंद. कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे खरं होतं, आणि दुर्दैवाने त्यालाही ठाऊक होतं. एखाद्याला दारूचं असतं तसं त्याला दुसऱ्याला हलकं लेखण्याचं व्यसन होतं. सकाळी पहिला चहा पोटात जायच्या आत कुणाची तरी उतरवली नाही तर त्याचे हात नीट चालत नसत.

तरुणपणी त्याने बसच्या सीटा शिवल्या होत्या. उभी जवानी रेक्झिनमध्ये गेली. उन्हात मांडीला चिकटतं, थंडीत तडकतं, आणि फाटलं की आतला फोम गळवासारखा वर येतो, म्हणून रेक्झिनचं नाव काढलं तरी त्याचं नाक वर जायचं. पुढे एका बड्या गॅरेजात चामड्यावर हात बसला. तिथले मालक लोक गाडीचं दार उघडून आधी डोकं आत घालायचे आणि नुसता वास घ्यायचे. बसायचे नाहीतच. तेव्हापासून त्याने जगाची वाटणी करून टाकली होती. चामडं हुंगणाऱ्यांचं, रेक्झिन पुसणाऱ्यांचं, कापड बसणाऱ्यांचं. नव्या सीटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवणारेही असतात. त्यांच्याबद्दल तो बोलत नसे, फक्त थुंकायचा.

पण सगळ्यात जास्त राग त्याला झाकणाऱ्यांचा. जुन्या फाटक्यावरच नवं कव्हर चढवून पैसे घेणारे कारागीर म्हणजे त्याच्या लेखी खरजेवर पावडर लावणारे. तो प्रत्येक सीट मुळापासून सोलायचा. आणि सोलण्याआधी एक नेम. सीट खाली उतरवायची, पालथी करायची, तळाला जिथे वरचं कव्हर खिळ्यांनी ठोकलेलं असतं तिथली उलटी बाजू बघायची. वरून कुणीही फसतो, खालून वस्तू खोटं बोलत नाही, असं त्याने मेव्हण्याला उभ्या-आडव्या शब्दांत शिकवलं होतं.

हा मेव्हणा म्हणजे मशीनवरच्या बहिणीचा नवरा. पूर्वी तो इथेच असायचा. खांद्याला खांदा लावून दोघं सीटा उतरवायचे. एकदा एका जुन्या सीटचं चामडं त्याने रेक्झिन समजून पकडीने खेचलं, आणि ते एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टर्रकन फाटलं. कात्री मिस्त्रीने त्याला त्या दिवशीच बाहेर काढलं. फाटका तुकडा मात्र ठेवला. मशीनच्या बरोबर वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगून. येईल त्या गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगायचा, “हे आमच्या भाऊजींचं सर्टिफिकेट.” बहीण त्या सर्टिफिकेटखाली बसून दिवसभर पायपिंग, म्हणजे सीटच्या कडेची गोल किनार, शिवायची. नवरा आता दुसऱ्याच्या दुकानात दवाखान्याच्या बाकांना रेक्झिन ठोकत होता.

त्या दिवशी सकाळीही तिने विषय काढला होता. यांना परत घे म्हणाली, तिथे यांचं मन लागत नाही, आणि तुझीही कंबर आता एकट्याने सीट उचलण्यासारखी राहिलेली नाही. कात्री मिस्त्री चाकूला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, “ज्याला कातडं आणि रेक्झिन ओळखता येत नाही तो या पत्र्याखाली उभा राहणार नाही. कुणीही असो.” तिने मशीनला तेल दिलं आणि कामाला लागली.

इकडे डॉक्टरने थोडा धीर गोळा केला. गाडी वडिलांची. ते नेहमी सांगायचे, की आतलं सगळं मुळातलं अस्सल चामडं आहे. तेव्हा नवंही चामडंच घालावं, एवढंच त्याचं म्हणणं.

कात्री मिस्त्री गाडीतून बाहेर आला. कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. “वडील काय करायचे?”

“घड्याळांचं दुकान होतं.”

“मग वेळ बरोबर सांगत असतील.”

डॉक्टर हसला. आपल्यालाच मारलेल्या टोमण्यावर सभ्य माणसं हसतात तसं, थोडं उशिरा.

मग तपासणी झाली. कात्री मिस्त्रीने सीटच्या फटीत नाक घातलं. पेट्रोल आणि कोंदट ओलीचा वास आला, चामड्याचा नाही. नखाने खरवडलं, तर वरचा थर प्लास्टिकसारखा गुळगुळीत. शेवटी अंगठा थुंकीने ओला करून सीटवर दाबला. चामडं असेल तर ओल पिऊन काळं पडतं. इथे थुंकी जशीच्या तशी वर राहिली.

“रेक्झिन,” तो म्हणाला.

“दादा, पालथी करून बघ ना,” मशीनवरून बहीण म्हणाली.

सीट होती मागची, लांब आणि जड. उचलायला दोन माणसं लागतात. डॉक्टर पांढऱ्या शर्टात होता, त्याला हात लावायला सांगणं म्हणजे आपल्या कमरेची जाहिरात करणं. बहिणीला सांगावं तर सकाळचं बोलणं अजून शेडमध्ये लोंबकळत होतं. शिवाय समोर माणूस बघत होता, आणि बघणारा असला की कात्री मिस्त्रीला आपलं म्हणणं झटक्यात सिद्ध करायची खाज सुटायची. गरज नाही म्हणाला. चाकू काढला आणि सीटच्या कोपऱ्यात पायपिंगला लागून सरळ चीर मारली. हात चालू होता तसं तोंडही चालू होतं. रेक्झिनच्या पाठीला कापडाची जाळी चिकटवलेली असते, ती दाखवली की बापाने सांगितलेल्या गोष्टी पोराच्या डोक्यातून निघून जातात, वगैरे.

बोलता बोलताच त्याने कापलेली कड उलटी केली आणि खाली अंगठा घातला. अंगठ्याला जाळी लागली नाही. लव लागली. मऊ, कोरडी, वासराच्या कानामागे असते तशी. अस्सल जनावराचं कातडं होतं ते, फक्त वरून कुणीतरी कधीकाळी रंगाचे थरावर थर फासून त्याचं रेक्झिन करून ठेवलेलं.

दुसरा एखादा असता तर थांबला असता. पण कात्री मिस्त्रीच्या तोंडाला ब्रेक नव्हता. त्याने कापलेली कड डॉक्टरच्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, “ही बघा जाळी. दिसली?”

डॉक्टर वाकला. चष्मा वर-खाली केला. जी नव्हतीच ती जाळी त्याने चांगली निरखून पाहिली.

“हो, दिसली,” तो म्हणाला.

कोपऱ्यातलं मशीन थांबलं.

डॉक्टर सरळ झाला. म्हणजे बाबा उगाचच सांगायचे, असं काहीतरी पुटपुटला. कात्री मिस्त्रीने त्यालाही हो म्हटलं, माणूस मोठेपणासाठी बोलतो म्हणाला. डॉक्टरने मग वाद घातला नाही. तुम्ही म्हणता तर कापड घाला, रंग तुम्हीच निवडा, असं सांगून तो निघाला. येताना त्याने गाडीच्या टपावर, ओळखीच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली होती. जाताना मारली नाही.

तो गेल्यावर बहीण उठली. गाडीत वाकून तिने एका बोटाने ती कड उलटी केली, पाहिली, आणि परत होती तशी सोडली.

“दुसरा खिळा ठोकायचा, का त्याच खिळ्यावर मावेल?”

“कुणीतरी गाढवाने रंग फासलाय,” कात्री मिस्त्री म्हणाला.

“यांच्या वेळीही रंगच फासलेला होता. तू ऐकून घेतलं नाहीस.”

“त्याने पालथी करून बघितली नाही.”

“आणि तू?”

“उचलायला कोण होतं इथे?” तो वसकन म्हणाला.

म्हणाला खरा, पण शब्द तोंडातून सुटले आणि तिथेच दोघांच्या मध्ये पडून राहिले. ते कुणी उचललेही नाहीत.

कात्री मिस्त्री फळीकडे वळला. जाड लोकरी कापडाचं, राखाडी बनातीचं ठाण काढलं, टेबलावर पसरलं, खडू हातात घेतला. तसं पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. कापड चांगलंच दिसलं असतं. डॉक्टरला जन्मात कळलं नसतं, त्याला जाळीसुद्धा दिसली होती. जुनं कातडं खाली, वर बनात, आणि बोंब मारायला कुणी नाही. तो खडू धरून तसाच उभा राहिला. जुन्यावर नवं चढवून झाकायचं. ज्या लोकांना त्याने आयुष्यभर शेडच्या दारात उभं केलं नव्हतं, त्यांच्याच रांगेत आपण खडू घेऊन उभे आहोत, एवढं कळण्याइतका तो शहाणा होता. चांगला नव्हता, शहाणा होता.

“ही गाडी मी शिवणार नाही,” बहीण म्हणाली. ती परत मशीनवर जाऊन बसली होती आणि हात मांडीवर ठेवले होते. “पायपिंग तुझं तूच शीव. आणि संध्याकाळी यांना घरी जाऊन काय सांगू तेही तूच सांग. जो ओळखू शकत नाही तो या पत्र्याखाली राहत नाही म्हणालास. मग आता कोण जातंय बाहेर?”

त्याने खडू टेबलावर ठेवला. हातातलं काम असं अर्धं सोडणं ही त्याच्या आयुष्यातली तशी दुर्मिळच गोष्ट, पण ती बघायला गल्लीतलं कुणी हजर नव्हतं, हे त्याचं नशीब.

शेवटी त्याने फोन उचलला. माफी मागायची असते ती कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकायची त्याची इच्छाही नव्हती. “डॉक्टर, तुमचे वडील खरं सांगत होते,” तो कुणावर तरी खेकसावं तसं म्हणाला. “कातडं आहे. मी कापल्यावर मला कळलं होतं. तरी बोललो.”

 डॉक्टर म्हणाला, “मला ते जरा केसाळ वाटलं होतं.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“मग जाळी दिसली कशाला म्हणालात?”

“तुम्ही इतकं ठासून विचारलंत, म्हणून.”

कात्री मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. अशा माणसांच्या हातात लोक आपल्या दाढा देतात, असं त्याच्या मनात आलं. आणि आपण असल्याच माणसासमोर खोटं बोललो, याची त्याला खोटं बोलण्यापेक्षा जास्त लाज वाटली. डॉक्टरने मग विचारलं, की ते तसंच ठेवता येईल का, वडिलांच्या वेळचं. येईल, असं कात्री मिस्त्रीने सांगितलं. रंग उतरवायला दिवस लागतील, चीर मागून ठिगळ लावून शिवावी लागेल, आणि ती दिसेल. दिसायलाच पाहिजे. लपवून शिवणारा दुसरा शोधा. एवढं बोलून त्याने डॉक्टरच्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

ठिगळाला जुनंच चामडं हवं. नवं चामडं जुन्याला ओढतं, एकाला ताण दिला की दुसरं सुरकुततं. त्याने फळीवरचे तुकडे चाळले. सगळं नवं. मग तो मशीनपाशी आला, बहिणीच्या डोक्यावरून हात लांबवला आणि खिळ्यावरचा तुकडा काढला. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन उमटलेला होता, कडेने धूळ.

“भाऊजींना सांग, उद्या सकाळी ये म्हणावं. सीट उतरवायची आहे.”

“यांना काढलं कुणी होतं?”

“मी.”

“मग मी कशाला सांगू?”

त्याने तुकड्यावरची धूळ झटकली. मग संध्याकाळी तिच्याबरोबरच घरी येतो म्हणाला. चहा ठेवू नको, बसणार नाही, दारातूनच सांगेन. तो दवाखान्याची बाकं सोडायला तयार नसला तर तोही मूर्खच, असंही वर जोडलं. बहिणीने मशीनखाली पाय घातले. “दारातून नाही,” ती म्हणाली. “आत येऊन सांगायचं.” आणि सुई खाली पाडून शिवायला लागली.

कात्री मिस्त्रीने तुकडा टेबलावर पालथा टाकला. बनातीचं ठाण गुंडाळून फळीवर ठेवलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“फाडलं ते तरी सरळ फाडलंय गाढवाने,” तो म्हणाला, आणि रापी घेऊन ठिगळाची कड तासायला बसला.