बटणांजवळचे पांढरे ठिपके

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ते ठिपके. जोह्यात आमच्या मूर्तींच्या शेडमध्ये हिरा, माझी बायको, दिवसभर गणपतीचे डोळे आखून उठली होती. ब्रश धुवायला घेतला आणि थांबली. म्हणाली, "अवो, तुमच्या खोक्यावरचे ठिपके पुसट झालेत. काढा बाहेर. रंग हाय तोवर मारून देते."

खोका म्हणजे माझ्या गिटारचा अँप. मी तो पडवीत पाटावर ठेवला, गिटार गळ्यात घातली. ती अंगण ओलांडून शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. मी तार छेडायची, बटण फिरवायचं. तिनं लांबून ऐकायचं.

"जाड येतोय," ती ओरडली. मी फिरवलं. "आता डासासारखा." परत थोडं मागं घेतलं. मग तिनं हात वर केला. हात वर म्हणजे थांबा, आता आवाज बोलतोय. मग ती आली, डोळे बारीक केले आणि बटणाजवळ पत्र्यावर एकेक पांढरा ठिपका ठेवला. मूर्तीच्या बुबुळात ठेवते तसा.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. रिक्षातून पेणला नेताना रामवाडीजवळ तिचा हात माझ्या हातात गार पडला. रिक्षावाला मागं न बघता पळवत होता. मी त्याला सांगितलं नाय. पळव म्हटलं.

दिवसकार्य झाल्यावर प्रमोद, माझा मुलगा, मला रोह्याला घेऊन आला. तो इथं कंपनीत आहे. टेम्पोत एक कपाट, माझी गादी आणि खोका. "पप्पा, पुढं बसा," म्हणाला. मी मागं खोक्याजवळ बसलो. वाटेत खांब गावात चहाला थांबले तेव्हा सगळे उतरले, मी दोरी बघत राहिलो, ठिपक्यांवर घासते की काय. तिचं दुसरं काय राहिलं होतं? तिनं आखलेल्या मूर्ती तर दरवर्षी पाण्यात जातात.

जोह्यात राहिलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, म्हातारा रमला का. नाय रमला. माझ्यासारखे पोरांच्या मागनं गेलेत त्यांना तर सांगायलाच नको. इथं नळाला चोवीस तास पाणी, फ्रीज, पंखा. सून विचारते, "पप्पा, अजून वाढू का?" माणसं वाईट असती तर भांडून परत तरी आलो असतो.

मी चौथी शिकलेला. पण लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत गिटार माझी होती. हळदीत बेंजोवाला पुढं नाचायचा, मी मागं. गिटारचा वेगळा अँप घ्यायची ऐपत नव्हती. पेणची एक पार्टी मोडली, त्यांचा बेस गिटारचा खोका स्वस्तात मिळाला, तो घेतला. बेसचा खोका जाड आवाजासाठीच बनवलेला. माझी गिटार त्यातून रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी यायची. पार्टीतले म्हणायचे, "अरे, हळद हाय का मयत?"

तोड हिरानं काढली. तिला सूर कळत नव्हता, पण लांबून बघायची सवय होती. मूर्तीचे डोळे आखले की दहा पावलं मागं जाऊन बघायची, जवळून सगळेच डोळे बरे दिसतात म्हणायची. तसंच खोक्याचं. तो पायाशी गुरगुरतो, वाजवणाऱ्याला खरं कळत नाय. बेसचं बटण जवळजवळ मिटवायचं, पातळ आवाजाचं उघडायचं, मधलं जरा चढवायचं, आणि आवाज एवढाच, की आतल्या स्पीकरचा कागद फाटू नये. नेमकं किती, ते तिचा कान. मी विसरतो म्हणून ठिपके.

रोह्यात आल्यावर मी वाजवलं नाय. रोज ठिपके बघायचो, वरून फडकं टाकायचो.

दसरा आला. हिराला जाऊन वर्ष सरलं नव्हतं म्हणून गोडधोड नव्हतं, पण हत्यारं पुजायची राहू नयेत म्हणून प्रमोदनं पाने, पक्कड, मोटरसायकल सगळं धुतलं. मी देवळातून आलो तर पाटावर माझा खोका. हळदकुंकू, झेंडूचं फूल. नव्यासारखा चकचकीत.

"बघा पप्पा," तो म्हणाला. "रंगाचे शिंतोडे उडालेले, थिनरनं काढले."

मी खाली बसलो. सून पाणी घेऊन आली.

"ते शिंतोडे नव्हते रे," मी म्हणालो. "आईनं मारलेले."

त्याचं तोंड उतरलं. हातात अजून थिनरचं फडकं होतं. त्यानं पूजाच केली होती.

संध्याकाळी मी खोका लावला. गुरगुर. फिरवलं, किरकिर. सुनेला दाराबाहेर उभी केली. ती म्हणाली, "छान वाटतंय, पप्पा." परत फिरवलं. "हे पण छान." बिचारी मला दुखवायला भीत होती. हिरानं आयुष्यात मला छान म्हटलं नाय. म्हणून तर आवाज सापडायचा. मी बटणं सोडून दिली. हिरा आता परत मिळायची नाय, ही गोष्ट मला मसणात नाय कळली, तिथं कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोद शिफ्टला निघाला होता. मी गिटार त्याच्या गळ्यात घातली.

"मला येत नाय, पप्पा."

"नसू दे येत. ही एकच तार मारत राहा." सुनेला बटणांपाशी बसवलं. "मी खालून खूण करीन तसं हळू फिरव." खोका गॅलरीत तोंड करून ठेवला आणि मी जिना उतरलो. रस्ता ओलांडून समोरच्या पानटपरीजवळ उभा राहिलो.

इतकी वर्षं वाजवलं, पण लांबून कधी ऐकलं नव्हतं. बांधावरून हिराला काय ऐकू यायचं, मला ठाऊकच नव्हतं. आधी जाड आला. मी खूण केली. मग डासासारखा. परत खूण. टपरीवाला म्हणाला, "काका, काय बिघडलंय वर?"

आणि मग आवाज बोलला. तोच. मोकळा, कोणी हाक मारल्यासारखा.

हात वर करायचा, की ते थांबणार. मग ब्रश घ्यायचा, ठिपके ठेवायचे, माझ्या हातानं. मी हात वर केला नाय. प्रमोद कठड्यातून माझ्याकडं बघत होता. त्याची कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न देऊन गेली. तो तार मारत राहिला, आणि मी उभा राहिलो.