बोल्टवरचा नंबर

जबलपूरला पोस्टिंग झाली तेव्हा मी नायक होतो, ट्रेड आर्मरर. युनिटच्या रायफली उघडायच्या, साफ करायच्या, तपासायच्या, हे माझं काम.

मेसमध्ये शिरताच काचेच्या पेटीत एक जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. खाली पितळी पाटी: लान्स नायक गणपत वैरागडे. चीनच्या लढाईत ते बर्फात धारातीर्थी पडले. जोडीदाराने त्यांची रायफल पाठीवर बांधून डोंगराखाली आणली आणि युनिटने ती जपली, असं प्रत्येक रंगरूटाला सांगत. येता-जाता सगळे तिला सॅल्यूट करत. मीही करायचो.

रेझिंग डेच्या, म्हणजे युनिटच्या स्थापनादिनाच्या, आदल्या दिवशी सुभेदार मेजरसाहेबांनी बोलावलं. वैरागड्यांची मुलगी पहिल्यांदाच येणार होती. पेटी उघडून रायफल तेलपाणी करून ठेवायची होती.

बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, काढला आणि थांबलो. अशा रायफलीत बॉडीवर आणि बोल्टच्या मुठीवर एकच नंबर असतो. आर्मररचा हा पहिला धडा. इथे दोन वेगळे होते. बॉडीवरचा जुना नंबर कानशीने घासून नवा हाताने ठोकला होता. आकडे वाकडे, कुठे खोल, कुठे उथळ. बटाच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, गळ्याशी साचलेला रंग खरवडला. फॅक्टरीचा शिक्का आणि साल निघालं. वैरागडे पडल्यानंतर दोन वर्षांनी ती रायफल बनली होती.

मी जाऊन सुभेदार मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मालूम है. असली वाली पुराने लॉट में चली गई थी, भट्ठी में. फिर जनरल साहब देखने आने वाले थे. इतने साल से सब सैल्यूट कर रहे हैं, तू कौन है? तेल लगा और बंद कर."

भट्टीचा मला राग नाही. जुनी हत्यारं वितळवतातच. किळस आली ती कानशीची. कोणीतरी निवांत बसून दुसऱ्या एका शिपायाचा नंबर पुसला आणि त्यावर मेलेल्या माणसाचा ठोकला. मग रोज त्याच्यासमोर टाच आपटली.

दुसऱ्या दिवशी वैरागड्यांची मुलगी, शकुंतलाकाकू, आल्या. वडील गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. लग्नानंतर जबलपुरातच, कमानिया गेटजवळ राहिल्या. छातीवरचं माझं नाव वाचून म्हणाल्या, "आपलाच आहेस की रे. मग मिशी काहून राजपुताची ठेवून राहिला?"

युनिटचे प्रमुख सीओसाहेबही हसले. मग काकू पेटीजवळ आल्या.

"रायफल राहू दे. बोल्ट हातात दे. तेल गोठू नये म्हणून बाबा तो छातीशी घेऊन झोपत. त्यांच्या जोडीदारानं आईला सांगितलं होतं. त्यांच्या अंगाला लागलेली एक वस्तू, बस."

त्यांनी तळवा पुढे केला. पेटी उघडून काढलेला बोल्ट माझ्या हातात होता. सुभेदार मेजरसाहेब माझ्याकडे बघत होते.

"काकू, हा त्यांचा नाही. रायफलही नाही."

"नायक, क्या बक रहे हो?" सीओसाहेब म्हणाले.

मी दोन्ही नंबर दाखवले, साल दाखवलं. सीओसाहेबांनी वाचलं आणि सुभेदार मेजरसाहेबांकडे पाहिलं.

काकूंचा तळवा हळूहळू मिटला. खरी कुठे आहे, त्यांनी विचारलं. वितळली, मी म्हणालो. त्या सीओसाहेबांकडे वळल्या.

"ये तख्ती उतारिए, साहब. इस पर मेरे बाप का नाम नहीं रहेगा."

स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात होता. मी ऑर्डरची वाट पाहिली. ऑर्डर आली नाही. मी पाटी काढून त्यांच्या हातात दिली.

पुढे माझ्यावर शिस्तभंगाचा चार्ज लागला, बढती अडली. त्याची तक्रार नाही. त्या कानशीबद्दल मात्र आजवर कोणाला जाब विचारला गेलेला नाही.

त्या दिवशी गेटपर्यंत मी काकूंसोबत गेलो. पाटी त्यांनी पदरात गुंडाळली होती. मी न विचारताच त्यांनी वडिलांच्या शेवटच्या सकाळचं सांगितलं. पोस्टवर बऱ्याच जणांच्या रायफली गोठल्या होत्या. लान्स नायक गणपत वैरागडे यांची चालली. ती चालत होती तोवर बाकीचे खाली उतरले.